टोचणारी लोकर मऊ कशी करायची: लडीपासून तयार विणकामापर्यंत

बाबांसाठी पहिला मफलर विणला तेव्हा लोकर मी फक्त रंग बघून घेतली होती. राखाडी, मधूनच काळे केस डोकावणारी, हाताला भरदार लागणारी. विणायला सहा आठवडे गेले. बाबांनी तो लगेच गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी बघते तर गळ्याभोवती आधी सुती रुमाल आणि त्यावरून मफलर. ते काही बोलले नाहीत. मीच तो स्वतःच्या मानेला लावून पाहिला आणि दोन मिनिटांत काढून ठेवला. बोटांना जे भरदार लागत होतं, तेच मानेला टोचत होतं.

तो मफलर वाचवायला मी कानावर आलेला प्रत्येक उपाय केला. काहींनी चांगला फरक पडला, काहींनी काडीचाही नाही. असं का, हे कळायला बराच वेळ लागला, म्हणून ते आधीच सांगते. धाग्याची खरखर दोन जातींची असते. एक धाग्यावर बसलेली: कताईचं तेल, साबणाचा राहिलेला थर, जास्तीचा रंग, पाण्यातले क्षार. ती धुऊन निघते. दुसरी तंतूच्या अंगातलीच. ती धुऊन जात नाही. तिच्यावर लेप देता येतो, किंवा वीण बदलून तिची धार कमी करता येते. आपल्या हातातला धागा कोणत्या जातीचा आहे हे ओळखलं की निम्मं काम होतं.

लोकर टोचते म्हणजे नेमकं काय होतं

लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात, म्हणून ती टोचते, असं सगळेच सांगतात. खवल्यांचा वाटा आहे, पण खरा दोषी तंतूची जाडी. धाग्याच्या पृष्ठभागावर तंतूंची असंख्य टोकं बाहेर आलेली असतात. तंतू बारीक असेल तर त्वचेला लागताच त्याचं टोक वाकतं आणि आपल्याला काही जाणवत नाही. जाड असेल तर ते वाकत नाही, त्वचेत रुततं. ही सीमा साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास आहे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून जाड तंतू शेकडा ५ पेक्षा जास्त असले की बहुतेकांना कापड बोचायला लागतं. मेरिनो जातीच्या मेंढीचे तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या आतले असतात, म्हणून ती गळ्याला चालते.

तंतूचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ३० मायक्रॉनचा तंतू २० मायक्रॉनच्या तंतूपेक्षा दीडपट जाड असला, तरी वाकायला पाचपट कठीण असतो. कुठलंही कंडिशनर तंतू बारीक करू शकत नाही. ते फक्त वरून गुळगुळीत थर देतं. हे मनात धरलं की अपेक्षाही बेताच्या राहतात.

आधी धागा ओळखा

आपण गुंडा कशाचाही असो, त्याला सरसकट 'लोकर' म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मेंढीची लोकर, अ‍ॅक्रिलिक, सूत आणि ताग या चौघांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत. गुंड्यावरचं लेबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर चार इंच धागा तोडून, चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून त्याचं टोक पेटवून पाहा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख बोटांत चुरली, तर ती प्राण्याची लोकर. कागदासारखा भुरुभुरु जळून मऊ राख उरली तर सूत किंवा दुसरा वनस्पतीचा धागा. वितळून काळा धूर आला आणि टोकाला टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिकसारखा कृत्रिम धागा. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं दिसतात. तेव्हा सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करावी.

मग तो धागा मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा हनुवटीखाली दहा मिनिटं धरून बसा. बोटांची कातडी राठ असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

पूर्ण गुंड्याआधी एक तुकडा

मला सगळ्यात जास्त वेळ वाचवून देणारी पायरी हीच. ठरवलेल्या सुयांवर किंवा क्रोशेच्या सुईवर साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि पुढे जो उपाय करणार तो आधी त्या चौकोनावर करा. वाळल्यावर तो मानेला लावून पाहा. तुकडा मऊ झाला, तर गुंडा आधी धुवायची गरजच नाही: सरळ विणायला घ्या आणि तयार वस्तूवर तोच उपाय करा. धाग्याची लडी करा, धुवा, वाळवा, पुन्हा गुंडाळा, हा सगळा खटाटोप वाचतो.

विणण्याआधी धागा धुवायचा तो तीनच परिस्थितींत. कोनवरचा, म्हणजे यंत्रासाठी शंकूवर गुंडाळलेला धागा असेल आणि हाताला तेलकट, दोरीसारखा लागत असेल तर. रंग बोटांना लागत असेल तर. किंवा जुना स्वेटर उसवून काढलेला, कुरळा झालेला धागा असेल तर.

लडी कशी बांधायची

गुंडा तसाच पाण्यात टाकला तर आतपर्यंत साबण पोहोचत नाही आणि नंतर तो गुंता सोडवताना रडू येतं. खुर्चीच्या पाठीभोवती किंवा कुणाच्या तरी पसरलेल्या दोन हातांवर धागा गुंडाळून मोठी लडी करा. ताणून गुंडाळू नका. मग सुती दोऱ्याने चार ठिकाणी बांधा. बांधताना दोरा लडीच्या मधून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवा, म्हणजे लडीचे दोन भाग वेगळे राहतात आणि धागे एकमेकांवर चढत नाहीत. गाठ इतकी सैल हवी की आत बोट सहज जाईल. घट्ट बांधलं तर तिथे पाणी पोहोचत नाही आणि डाग राहतो. बांधायचा दोरा पांढरा घ्या, रंगीत दोऱ्याचा रंग लडीला लागू शकतो.

मेंढीची लोकर: धुणं, आंबट पाणी, कंडिशनर

तीन पाण्यांचं हे काम आहे. सुरू करण्याआधी एक नियम: लोकरीला आटवणाऱ्या गोष्टी म्हणजे घासणं, चोळणं आणि पाण्याच्या तापमानात अचानक बदल. त्यात साबणाचं पाणी गरम असेल तर खवले एकमेकांत अडकतात आणि धागा नमद्यासारखा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखा होतो. एकदा तो तसा झाला की परत येत नाही. नुसतं गरम पाणी इतकं घातक नसतं, जितका गरम पाण्यातला हात. म्हणून हात थांबवायचा.

पहिलं पाणी. बादलीत कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम उबदार लागेल इतकंच. लोकरीसाठीचं सौम्य द्रावण किंवा साधा शाम्पू, पाच लिटरला एक छोटा चमचा. कपड्यांची नेहमीची पावडर नको: तिच्यात बऱ्याचदा प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात, आणि लोकर म्हणजे केराटिन, प्रथिनच. क्लोरीनचा ब्लीच तर लोकरीजवळ आणूही नका. लडी पाण्यावर ठेवा आणि तळव्याने हळूच दाबून बुडवा. सुरुवातीला ती तरंगते, हवा सोडते, मग जड होऊन खाली बसते. वीस ते तीस मिनिटं हलवू नका.

कोनवरची लोकर असेल तर इथेच खरा बदल दिसतो. यंत्रावर धागा सरळ धावावा म्हणून कारखान्यात त्याला तेल दिलेलं असतं. त्या तेलाने तंतू चिकटून बसलेले असतात. धुतल्यावर पाणी दुधासारखं गढूळ होतं, आणि तो दोरीसारखा धागा वाळताना फुलतो. असा धागा विणताना बारीक वाटला तरी धुतल्यावर जाडसर होतो, हे टाके मोजताना लक्षात ठेवा. पाणी नितळ होईपर्यंत तीच पायरी पुन्हा करा. तेल जास्त असेल तर दोनतीनदा करावी लागते.

दुसरं पाणी. त्याच तापमानाचं स्वच्छ पाणी घेऊन त्यात पांढरं व्हिनेगर टाका, लिटरला एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर. बहुतेक साबण अल्कधर्मी असतात आणि लोकरीला अल्क मानवत नाही. ती किंचित आम्लधर्मी पाण्यात खूश असते. आंबट पाणी साबणाचा आणि क्षारांचा थर काढतं. नुसत्या या पायरीनेही काही लडी लक्षणीय मऊ होतात, विशेषतः जिथे पाणी जड आहे तिथे. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. वाळल्यावर वास राहत नाही.

तिसरं पाणी. पाच लिटर कोमट पाण्यात एक ते दोन मोठे चमचे केसांचं कंडिशनर आधी वाटीभर पाण्यात चांगलं घोळवून मग ओता, नाहीतर गोळे लडीवर चिकटतात. केस आणि लोकर दोन्ही केराटिनची, म्हणून जे केसांना लागू पडतं ते इथेही पडतं. कंडिशनरमधले धनभारित घटक ओल्या तंतूच्या ऋणभारित पृष्ठभागाला जाऊन चिकटतात आणि खवल्यांवर पातळ आवरण तयार होतं. अर्धा तास भिजवा आणि एकदाच, हलक्या हाताने पाण्यातून काढा. खळखळून धुऊ नका, सगळी मेहनत वाहून जाईल. जास्त कंडिशनर टाकलं तर मात्र धागा मेणचट, लुळा होतो आणि धूळ धरतो. तसं झालं तर कोमट पाण्यातून अजून एकदा काढा.

कंडिशनरऐवजी लॅनोलिन वापरता येतं, ते मेंढीच्या लोकरीचं स्वतःचं मेण. अर्धा छोटा चमचा लॅनोलिन थोड्या गरम पाण्यात, शाम्पूचे दोन थेंब टाकून, दुधाळ होईपर्यंत फेटा आणि थंड झाल्यावर बादलीत ओता. टोपी, मोजे, बाहेर घालायचा स्वेटर, अशा पाण्यापासून थोडं संरक्षण हवं असलेल्या वस्तूंना हे छान. पण काहींना लॅनोलिनची अ‍ॅलर्जी असते. दुसऱ्या कुणासाठी विणत असाल तर आधी विचारा.

पिळू नका, झटका

लडी पाण्यातून काढताना खालून आधार द्या. पिळायची नाही: दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढायचं. मग जुन्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि तिच्यावर पाय देऊन उभे राहा. टॉवेल बरंच पाणी शोषून घेतो.

आता मला आवडणारी पायरी. लडीच्या आत दोन्ही हात घालून, दोन्ही टोकांना ताठ ओढून जोरात झटका द्या, थोडी फिरवा, पुन्हा झटका द्या. सहा-सात वेळा. मग एक टोक हातात धरून दुसरं टोक न्हाणीघराच्या कठड्यावर आपटा. धागे सुटे होतात, एकमेकांना चिकटलेले तंतू मोकळे होतात. वाळलेली लडी हातात घेताच न झटकलेल्या लडीपेक्षा फरक कळतो.

सावलीत, आडव्या दांडीवर, वजन न लावता वाळवा. खाली जड वस्तू टांगली तर धागा सरळ होतो, पण लोकरीची लवचीकता तात्पुरती ताणली जाते, आणि विणल्यानंतर पहिल्या धुण्यात ती परत आकसते.

अ‍ॅक्रिलिक

याच्यावर व्हिनेगर फारसं काही करत नाही. कपड्यांसाठीचं फॅब्रिक सॉफ्टनर मात्र उपयोगी पडतं, कारण त्यातले घटक अ‍ॅक्रिलिकला चांगले चिकटतात. आधी कोमट पाण्यात साबणाने धुऊन, शेवटच्या पाण्यात बाटलीवर सांगितलं आहे त्याच प्रमाणात टाका. दोनतीन वेळा मशीनमध्ये फिरवल्यावरच बरंचसं अ‍ॅक्रिलिक मऊ होतं. विणलेली वस्तू जाळीच्या पिशवीत घालून फिरवा. लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांवर सॉफ्टनर वापरू नये: आग न धरण्याची कापडाची क्षमता त्याने कमी होते.

दुसरा उपाय वाफेचा. त्याने अ‍ॅक्रिलिकचं खरंच रूप बदलतं, कारण उष्णतेने त्याचे तंतू सैल होतात. वस्तू सपाट पसरून टाचण्यांनी टोचून ठेवा, इस्त्री तिच्यापासून दोनतीन सेंटिमीटर वर धरा आणि वाफ सोडत पुढे सरका. इस्त्री टेकवू नका, टेकली की धागा चपटा आणि चकाकणारा होतो. झालेला बदल कायमचा असतो: कापड झुळझुळीत, रेशमी होतं, पण उलट-सुलट पट्ट्यांचा ताण जातो. म्हणून शाल, स्टोल, मफलरसाठी करा. टोपीच्या कडेला आणि स्वेटरच्या मनगटाला करू नका. आणि आधी तुकड्यावर, कारण परतीची वाट नाही.

सूत, ताग आणि त्यांची भावंडं

न रंगवलेलं कच्चं सूत खरखरीत लागतं. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेण असतं, ते उकळून काढता येतं: चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा साबण टाकून मंद आचेवर तासभर. पाणी पिवळसर-तपकिरी होतं, ते टाकून दोनदा धुवा. रंगीत सूत उकळू नका, त्याला आंबट पाण्याची एक धुलाई पुरे. सूत वापराने आपोआप मऊ होत जातं, त्याला घाई नको. मर्सराइज्ड सूत, म्हणजे चकाकणारं, मुळातच गुळगुळीत असतं, पण पीळ आणि ताठपणा जास्त. ते ढगासारखं मऊ होईल अशी आशा धरू नका. अंग पुसायच्या किंवा ओटा पुसायच्या वस्तूंना सॉफ्टनर तर अजिबात नको, त्यांची पाणी शोषायची ताकद जाते.

एक महत्त्वाचं: व्हिनेगर आणि क्लोरीन ब्लीच कधीही एका पाण्यात येऊ देऊ नका. विषारी वायू तयार होतो.

जवसाचा धागा, लिनन, नवा असताना सुतळीसारखा असतो आणि विणताना बोटं दुखतात. पण ओला झाल्यावर तो अधिक मजबूत होतो, त्यामुळे त्याला निर्धास्त धुता येतं. पाण्यात उकळा, लडी ओली असताना लाकडी दांड्याने हलकेच ठोका, झटका, वाळवा, आणि हे दोनतीनदा करा. तागाचं तसं नाही. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा घटक, भरपूर, आणि ओला ताग कमजोर पडतो. धुऊन त्याचा तेलकट वास आणि सुटे तंतू कमी होतील, पण अंगावर घालण्याइतका तो मऊ होत नाही. त्याच्या टोपल्या आणि पायपुसणी विणा.

वीण बदला

बरेच जण पाण्याची बादली भरतात, पण सुई बदलायचा विचार करत नाहीत. घट्ट विणलेलं कापड प्रत्येक तंतूला ताठ धरून ठेवतं. सैल विणलं की तोच तंतू वाकायला मोकळा होतो. लेबलवर ४ मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर खरखरीत धाग्यासाठी ५ घेऊन तुकडा विणून पाहा. क्रोशेत तर हे अधिकच, कारण त्याची वीण मुळातच जाड असते. मुक्या खांबांऐवजी (ते सगळ्यात बुटके, घट्ट टाके) अर्धे खांब किंवा खांब घ्या, मध्ये साखळीच्या मोकळ्या जागा ठेवा.

पीळ पाहा. कडक पिळलेला, तीन-चार पदरी धागा टिकतो पण राठ लागतो. सैल पिळाचा एकपदरी मऊ लागतो पण लवकर गोळे धरतो. हातात राठ धागा असेल तर तो एखाद्या बारीक, मऊ धाग्याबरोबर जोडून विणा: बोचणारी टोकं काही अंशी मऊ धाग्यात लपतात. जोडीला मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) घेताना मात्र जपून, काहींना तीच टोचते.

बाबांचा मफलर

त्या मफलरला मी तिन्ही पाणी दिली. राखाडी भाग ओळखू येणार नाही इतका बदलला, पण मान अजून खाजत होती. उजेडात धरून पाहिलं तेव्हा कारण दिसलं. ते काळे केस, जाड, ठिसूळ, रंग न धरणारे, लोकरीतून सुईच्या टोकांसारखे वर आलेले होते. असे केस काही मेंढ्यांच्या लोकरीत असतातच, आणि ते कुठल्याही पाण्याने मऊ होत नाहीत. मी भुवया कोरायचा चिमटा घेऊन दोन संध्याकाळ बसले आणि जेवढे दिसले तेवढे एकेक करून उपटले. टाके सुटले नाहीत, कारण हे केस धाग्यात पक्के अडकलेले नसतात.

उरलेल्या टोचणीसाठी मानेवर येणाऱ्या भागाला आतून मेरिनोची पट्टी लावली. पट्टी मफलरपेक्षा बारीक सुयांवर, सलग सुलट टाक्यांत विणली आणि तिच्या दोन्ही बाजू मफलरच्या टाक्यांना बाहेरून न दिसणाऱ्या टाक्याने जोडल्या. जोडताना दोरा ओढू नका, मफलर ताणला जाईल तेव्हा पट्टीही ताणली गेली पाहिजे. टोपीच्या कपाळपट्टीला आणि स्वेटरच्या गळ्याला हाच उपाय चालतो. टोपीसाठी पट्टीऐवजी सुती कापडाचं अस्तर अधिक आरामाचं.

किती दिवस टिकतं

तेल काढल्याने आलेला मऊपणा कायमचा. वाफेने अ‍ॅक्रिलिकमध्ये झालेला बदलही कायमचा. कंडिशनर आणि सॉफ्टनरचा थर मात्र दोनतीन धुण्यांत उतरतो, म्हणून ज्याच्यासाठी विणलं त्याला सांगून ठेवा: दर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात शेवटचं पाणी कंडिशनरचं. भेट देताना मी कागदाच्या चिठ्ठीवर धाग्याचं नाव, पाण्याचं प्रमाण आणि 'पिळू नका' एवढं लिहून त्याच धाग्याच्या तुकड्याने बांधते. तो तुकडा पुढे कधी टाका सुटला तर दुरुस्तीलाही उपयोगी पडतो, म्हणून मीटरभर ठेवावा, आणि तोही मफलरबरोबर त्याच पाण्यात धुतलेला असावा.